चिंचेच्या नाक्यावरचे दोन फळे

कल्याण पूर्वेला चिंचेच्या नाक्यावर समोरासमोर खडूनं लिहायचे दोन फळे आहेत. एक मराठी चर्चच्या कंपाउंडच्या भिंतीवर, दुसरा रस्त्यापलीकडे वाचनालयाच्या भिंतीवर. चर्चच्या फळ्यावर रोज सकाळी एखादं वचन असायचं आणि वाचनालयाच्या फळ्यावर विवेक कट्टा नावाच्या नास्तिक मंडळींचा एखादा रोखठोक सवाल. दोन्ही फळे लिहिणारा माणूस मात्र एकच, चांगदेव ठुबे. नाका त्याला पेंटर म्हणायचा.

चांगदेव पारनेर तालुक्यातला. एकोणिसाव्या वर्षी कल्याणला आला आणि एका बोर्ड रंगवणाऱ्याच्या हाताखाली लागला. पुढे स्वतःचं काम सुरू केलं. किराणा दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, शाळांच्या भिंती. लग्न झाल्यावर बायको गोदाही कामात आली. तिला तेव्हा लिहिता येत नव्हतं. चांगदेवनं अक्षराची कड काढायची आणि गोदानं आत रंग भरायचा, अशी वाटणी होती. भरता भरता ती अक्षरं शिकली आणि पुढे अख्ख्या पाट्याही लिहू लागली. वळण तिचंही त्याच्यासारखंच झालं, कारण दुसरं वळण तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पाटीच्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात सही मात्र ‘चांगदेव’ एवढीच असायची.

मग फ्लेक्स आले आणि हाताच्या पाट्या गेल्या. गोदा एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाऊ लागली. चांगदेवकडे राहिले ते हे दोन फळे. पहाटे साडेपाचला तो खडूंचे डबे घेऊन निघायचा. आधी चर्चचा फळा, मग वाचनालयाचा. साडेसहाला कामावर जाताना गोदा तिथूनच जायची. जाता जाता ओल्या फडक्यानं दोन्ही फळ्यांच्या चौकटी पुसायची, खाली सांडलेला चुरा झटकायची आणि पुढे व्हायची. इतकी वर्षं हे चाललेलं की कोणाचं तिकडे लक्षही जात नसे.

त्याला कोणी विचारलं, की पेंटर, तुमचा देवावर विश्वास आहे की नाही, तर तो म्हणायचा, “मी लिहिणारा माणूस. मला मजकूर द्या.” या उत्तरावर दोन्ही बाजू खूश असायच्या. जोवर भांडण नव्हतं तोवर.

त्या वर्षी एक डिसेंबरला कट्ट्याचे घोलप मास्तर मजकुराचा कागद घेऊन आले. आनंदा घोलप म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक, सत्तरी गाठलेले, काटक, बोलायला मऊ. त्यांच्याबरोबर ऋतुराज होता. हा तिशीतला, आयटीतला, कट्ट्याचा नवा सेक्रेटरी. कागदावर लिहिलं होतं: ‘२५ तारखेला विवेक कट्ट्याचा नाताळ. झाड, केक, गाणी, विज्ञानाचे खेळ. देवाला आमंत्रण नाही, बाकी सगळ्यांनी यावे. स्थळ: चिंचेचा नाका, चर्चच्या फाटकासमोर.’

चांगदेवनं कागद दोनदा वाचला. “मास्तर, फाटकासमोर?”

“रस्ता सगळ्यांचा आहे,” मास्तरांच्या आधी ऋतुराजच म्हणाला. “परमिशन काढलेली आहे, काका. टेन्शन नका घेऊ.”

चांगदेवनं लिहिलं. तिसऱ्या दिवशी चर्चचे पाळक शांतवन साळवे यांनी त्यांचा कागद दिला: ‘वाढदिवस ज्याचा, त्यालाच आमंत्रण नाही. हा कुठला पाहुणचार?’ चांगदेवनं तेही लिहिलं, तितक्याच मन लावून.

मग नाक्याला नादच लागला. सकाळी दुधाला, शाळेच्या बसला, रिक्षाच्या रांगेत आलेला माणूस आधी डावीकडे बघायचा, मग उजवीकडे. कट्ट्यानं विचारलं, ‘जन्मतारखेचा दाखला कोणी पाहिला आहे?’ चर्चनं उत्तर दिलं, ‘आईला दाखला लागत नाही.’ कट्ट्यानं लिहिलं, ‘झाड, तारा, केक यांवर कोणाचीही मालकी नाही.’ चर्चनं लिहिलं, ‘मालकी नाही, आठवण आहे.’ दोन्हीकडे एकच सुरेख अक्षर. रिक्षावाले म्हणायचे, पेंटर स्वतःशीच भांडतोय.

पहिल्या आठवड्यात हसणं होतं. दुसऱ्या आठवड्यात कुजबुज सुरू झाली. एकाचा सवाल सकाळी पडला की दुसऱ्याचा जवाब दुसऱ्या सकाळी तयार. कट्ट्यातल्या कोणीतरी म्हटलं, आपला मजकूर आदल्या दिवशीच तिकडे पोचतो, त्याशिवाय इतकं चपखल उत्तर एका दिवसात कसं येईल? चर्चच्या बाकांवरही हेच बोलणं, फक्त उलट्या बाजूनं. आणि मजकूर पोचवणारा म्हटलं की नाव एकच येत होतं. नाक्यावरचे काही रिकामटेकडे तर त्याहून पुढे गेले. त्यांनी चांगदेवला गाठून विचारलं, “काय पेंटर, बाप्तिस्म्याचं पाणीबिणी घेतलं की काय त्यांचं? पाळकाच्या घरी जाणं वाढलंय तुमचं.” चांगदेव तिथे जायचा तो मजकुराचा कागद घ्यायला. पण त्या दिवसापासून तो फाटकाबाहेर उभं राहूनच कागद घेऊ लागला. साळवे पाळकांनी एकदा डबाभर करंज्या दिल्या, नाताळच्या फराळातल्या पहिल्या घाण्याच्या. एरवी त्यानं तिथेच एक तोंडात टाकली असती. आता त्याच्या मनात आलं, ह्या करंज्या कशाबद्दल?

संशय हा असा असतो. लोक आपल्यावर घेतात आणि आपण तो उचलून दुसऱ्यावर ठेवतो.

एकदा दगडूच्या चहाच्या टपरीवर पाळक आणि मास्तर समोरासमोर आले. चांगदेव बाकाच्या टोकाला बसला होता. दोघंही भली माणसं, आवाज चढवणारी नव्हेत.

मास्तर म्हणाले, “साळवेसाहेब, मी दिवाळीचा फराळ खातो, ईदचा शीरखुर्मा खातो, देव एकही मानत नाही. नाताळचा केक कापला तर बिघडलं कुठे?”

“खा की. माझ्या घरी येऊन खा, दरवर्षी येताच,” पाळक म्हणाले. “पण आमच्या दारासमोर मांडव घालून ‘देवाला आमंत्रण नाही’ असं लिहू नका. वर्षातून एक दिवस आमचा असतो, मास्तर. मॉलवाल्यांनी त्याचं दुकान केलं, त्यांना काय बोलणार? तुम्ही तर ओळखीचे.”

“मग नाव बदलून करू?”

“तेवढंच म्हणतोय मी.”

मास्तरांनी जरा विचार केला. “नाव बदललं तर लोक येणार नाहीत,” ते म्हणाले, आणि ते खरंच बोलत होते.

पाळक चहा अर्धा टाकून उठले. दगडूनं पेला उचलता उचलता चांगदेवकडे पाहिलं, जणू त्यानंच काहीतरी करायला हवं होतं.

बारा तारखेच्या सकाळी वाचनालयाच्या फळ्यावर वरच्या ओळीत ‘विवेक कट्टा’ऐवजी ‘अविवेक कट्टा’ झालं होतं. एक ‘अ’ वाढला होता. सुबक, गोलाईदार, अगदी चांगदेवचाच म्हणावा असा. आठ वाजेपर्यंत त्याचा फोटो ग्रुपवर फिरला. ऋतुराज चांगदेवच्या घरी आला, पायात बूट तसेच.

“काका, हे काय?”

“मी नाही लिहिलं.”

“हँडरायटिंग तुमची आहे.”

“दिसतंय तसं. पण मी नाही लिहिलं.”

चांगदेव स्वतः जाऊन ‘अ’समोर उभा राहिला. आपल्याच अक्षराकडे पाहताना आपल्यालाच ओळखू येऊ नये, की हे आपण केलं की नाही, असं त्याचं झालं. क्षणभर वाटलं, झोपेच्या गुंगीत आपणच लिहिलं असेल. आताशा खोकल्यामुळे झोप लागत नव्हती. आयुष्यभर टर्पेंटाइनचा वास आणि खडूचा चुरा छातीत गेला होता. डॉक्टरांनी दिवाळीतच बजावलं होतं, खडू बंद करा. त्यानं हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर गेला.

त्यानं दगडूला विचारलं, “सकाळी फळ्यापाशी कोण आलेलं?”

“कोण नाय,” दगडू म्हणाला. “तुम्ही आणि वहिनी. नेहमीसारखंच.”

चांगदेवनं मान हलवली आणि मनातल्या मनात यादी केली. चर्चमधला कोणीतरी तरुण असेल. किंवा हा ऋतुराजच, कारण त्याला फळा काढून तिथे काही नवं बसवायचं असेल. किंवा दगडूच, गिऱ्हाईक जमावं म्हणून. इतकी वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायला, ज्यांना रोज रामराम केला, त्यांच्या बोटांकडे तो खडूचा डाग शोधू लागला. फळे लिहून झाले की सात वाजेपर्यंत टपरीच्या बाकावर बसून दोन्हीकडे नजर ठेवायचा. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी त्याला खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. गोदा तेवढ्यात कामावर निघालेली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, “जा घरी, औषध घ्या. पडाल इथंच.” तो गेला.

सोळा तारीख होती ती. चर्चच्या फळ्यावर त्यानं पाळकांनी दिलेली ओळ लिहिली होती: ‘तारणारा जवळ आला आहे.’ सातच्या सुमाराला चर्चची झाडलोट करणारी बाई आली, तेव्हा तिथे होतं, ‘मारणारा जवळ आला आहे.’

‘त’चं शेपूट पुसून कोणीतरी ‘म’ केला होता. बस, एवढंच. पण यावेळी कोणी हसलं नाही. बाईनं आत जाऊन पाळकांना उठवलं. चर्चच्या भिंतीवर असलं वाक्य, आणि तेही नाताळच्या तोंडावर. तासाभरात फाटकाशी पन्नास माणसं जमली. चर्चमधली दोन तरुण पोरं वाचनालयाच्या पायऱ्यांवर चढली आणि ऋतुराजची कॉलर धरली. कोणी म्हणालं कट्ट्याचं काम, कोणी म्हणालं बाहेरच्यांचं. पोलीस चौकीतून हवालदार आले, त्यांनी फोटो काढले, ‘म’ पुसू नका म्हणून सांगितलं आणि त्यावर गोणपाट टांगलं. त्या दिवसापासून चर्चमध्ये चार-चार जणांचा पहारा बसला.

संध्याकाळी हवालदारांनी दोन्ही बाजूंना वाचनालयात बोलावलं. पंधरा दिवस फळ्यावरून एकमेकांशी बोलणारी माणसं पहिल्यांदा एका खोलीत बसली. आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की एका गोष्टीवर आपलं एकमत आहे.

“अक्षर पेंटरचं आहे,” चर्चचे एक वडीलधारे म्हणाले.

“आमच्या फळ्यावरचंही त्यांचंच होतं,” ऋतुराज म्हणाला.

“चांगदेव,” घोलप मास्तर हळूच म्हणाले, “तुझ्यावर आरोप नाही. पण आपण तपासून तरी पाहू.” त्यांनी कपाटातून एक पाटी काढली. “एक ‘अ’ काढ. आणि एक ‘म’.”

चांगदेवनं पाटी हातात घेतली. लहानपणी शाळेत पाटी घेतली तेव्हाही असे सगळे बघत नव्हते. त्यानं ‘अ’ काढला, ‘म’ काढला. हवालदारांनी मोबाइलवरचे फोटो शेजारी धरले. पाटी हातोहात फिरली. ‘अ’ तंतोतंत जुळला. ‘म’कडे कोणी नीट पाहिलंच नाही, एक जुळल्यावर दुसऱ्याची गरज वाटली नसावी.

साळवे पाळक म्हणाले, “चांगदेवराव, तुम्ही सांगितलं असतं तर आम्ही फळा दुसऱ्याला दिला असता. असं का केलंत?”

ते ‘असं का केलंत’ त्याला कोणी कॉलर धरली असती त्याहून जास्त लागलं. “मी नाही केलं,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच खोटा वाटला. हवालदारांनी त्याचं नाव-पत्ता लिहून घेतला आणि गरज पडली तर बोलावू म्हणाले. दोन्ही फळ्यांच्या खडूंचे डबे त्याच्याकडून परत घेतले गेले.

घरी त्यानं गोदाला काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. नाक्यावरचं सगळं पोळीभाजी केंद्रात पोचतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाक्यावर वर्दळ कमी असताना तो चर्चच्या फळ्यापाशी गेला. पहाऱ्याला असलेल्या माणसानं त्याला अडवलं. मग चेहरा पाहून म्हणाला, “हात लावू नका.” चांगदेवनं गोणपाट नुसतं एका बाजूला केलं आणि ‘म’ पाहिला. काल फोटोत दिसला नव्हता तसा.

‘म’ची खालची गाठ पुरी जुळली नव्हती. मध्ये केसाएवढी फट राहिली होती. त्याचा ‘म’ तसा नसतो. त्याच्या ‘म’ची गाठ घट्ट. पण ही फट त्यानं हजारदा पाहिली होती. किराणा दुकानाच्या पाटीवर, दवाखान्याच्या बोर्डावर, घरच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर. इतक्या वर्षांत तो सांगत आला होता, गाठ मार, गाठ सुटते तुझी. गोणपाट त्यानं हळूच सोडलं. पहारेकरी विचारत होता, काय दिसलं? काही नाही म्हणाला आणि घराकडे वळला.

दोन दिवस तो गप्प राहिला आणि बायकोकडे बघत राहिला. हे त्याच्या आयुष्यात नवीन होतं. ती मीठ डब्यात भरते, केस विंचरते, फोनवर बहिणीशी बोलते. प्रत्येक गोष्टीत त्याला काहीतरी दडलंय असं वाटे. चर्चवाल्यांनी तिला काही दिलं असेल? कट्टावाल्यांनी सांगितलं असेल? की आपल्यावरच हिचा काही राग आहे, इतक्या वर्षांचा? हा शेवटचा विचार त्याला सर्वांत खरा वाटला आणि म्हणून त्यानं तो सर्वांत मागे ढकलला.

एकोणीस तारखेला दुपारी ती मेथी निवडत बसली होती. तो समोर बसला.

“तुझी ‘म’ची गाठ अजून सुटते,” तो म्हणाला.

तिनं हातातली जुडी खाली ठेवली नाही. “कधी ओळखलंत?”

“परवा.”

“मग परवाच का नाही बोललात?”

“बोलवेना.”

ती थोडा वेळ पानं खुडत राहिली. मग म्हणाली, “डॉक्टरांनी दिवाळीत सांगितलेलं खडू बंद करा. तुम्ही ऐकलंत? मी सांगितलं, ऐकलंत? तुम्हाला दोन्हीकडचे हाकलतील तेव्हाच तुम्ही थांबाल, हे मला कळलेलं. त्या ‘अ’नं थांबाल वाटलं. नाही थांबलात, उलट टपरीवर गारठ्यात बसायला लागलात. मग दुसरं केलं.”

“आणि ते ‘मारणारा’?”

“एकच अक्षर बदलायला वेळ होता. तेच जमण्यासारखं होतं.” तिचा आवाज खाली गेला. “चर्चवाले चिडतील, तुम्हाला काढतील, एवढंच मनात होतं. माणसं घाबरतील हे नाही आलं मनात. खरंच नाही आलं.”

“तिकडे पहारा बसलाय, गोदा. साळव्यांची म्हातारी आई तीन रात्री झोपली नाही.”

“माहितीय मला. आज केंद्रावर ऐकलं. उद्या जाऊन सांगते.”

चांगदेवनं पटकन मान हलवली. “कशाला? माझ्यावर आलंय ते आलंय. फळे गेलेच. तू सांगून काय होणार? पोलीस तुला बोलावतील.”

गोदानं आता जुडी खाली ठेवली. “आपण इतक्या पाट्या केल्या. खाली नाव कोणाचं?”

त्यानं खाली सांडलेली मेथीची पानं गोळा केली.

“तेव्हा चाललं. माझं काम तुमच्या नावावर गेलं, मला काही वाटलं नाही. पण हे माझं आहे. हे तुमच्या नावावर नको.”

वीस तारखेला सकाळी साडेसहाला ती नेहमीच्या वाटेनं निघाली, पण आज तो मागून चालत होता. साळवे पाळक फाटकाशीच होते. तिनं नमस्कार केला आणि सगळं सांगितलं, जसं त्याला सांगितलं होतं तसं, कमी नाही, जास्त नाही. पाळक ऐकत राहिले. त्यांच्या मागे जमलेल्यांपैकी एक बाई म्हणाली, “नवऱ्याला वाचवायला आलीय.” दुसरा म्हणाला, “दोघांनी मिळून केलंय.”

“खडू द्या,” गोदा म्हणाली.

पाळकांनी लगेच दिला नाही. ही आता काय लिहील, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मग त्यांनी आतून डबा मागवला. गोणपाट काढलं गेलं. गोदानं त्या वाक्याला हात लावला नाही, खाली रिकाम्या जागेत लिहिलं: ‘बारा तारखेचा अ आणि सोळा तारखेचा म माझा आहे. चांगदेव यांना माहीत नव्हतं. माझी चूक. – गोदा ठुबे.’

उघड्यावर, दिवसाउजेडी, तिचं स्वतःचं नाव तिनं पहिल्यांदाच एखाद्या भिंतीवर लिहिलं. ‘म’, ‘माझा’, ‘माहीत’, ‘माझी’. चारही ‘म’ची गाठ सुटलेली. घोलप मास्तर रस्ता ओलांडून आले, चष्मा कपाळावर चढवून ते चारही ‘म’ आणि वरचा ‘म’ बघत राहिले. “जुळतंय,” ते म्हणाले. “पुरावा आहे, मानावं लागेल. चांगदेव, आम्ही पाटीवरचा ‘म’ बघितलाच नाही, ती आमची चूक.”

ऋतुराज शूटिंग करत होता. तो हळूच शेजारच्याला म्हणाला, “सेटिंग पण असू शकतं. बायकोचं नाव पुढे करायचं, केस हलकी होते.” चांगदेवला ऐकू आलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. इतके दिवस त्यानंही प्रत्येकाबद्दल असंच काहीतरी रचलं होतं.

साळवे पाळक शेवटी बोलले. “वहिनी, माफ करायला आम्हाला शिकवलंय. पण आजच तोंडातून निघेल असं वाटत नाही. थोडा वेळ लागेल.”

“लागू द्या,” गोदा म्हणाली.

हवालदारांनी तिचा जबाब घेतला, तासभर बसवून ठेवलं, समज दिली आणि सोडलं. पहारा उठला. फळा पुसला गेला. तिचं नावही त्याच फडक्याखाली गेलं.

भांडण मात्र संपलं नाही. मास्तरांनी मांडव फाटकासमोरून हलवून पलीकडच्या मैदानात नेला. पण फ्लेक्सवर ‘नाताळ’ हेच नाव छापलं, आणि ‘देवाला आमंत्रण नाही’ ही ओळ गाळली का, तर नाही, फक्त लहान अक्षरात टाकली. चर्चमध्ये पाळकांनी रविवारी सांगितलं, की कोणी तिकडे जायचं नाही आणि कोणी तिकडे जाऊन वादही घालायचा नाही. मैदानातल्या केकसाठी चर्चमधली बरीच मुलं गेली, असं दगडूनं नंतर सांगितलं. त्याचं सगळंच खरं मानायचं कारण नाही.

चांगदेवला दोन्हीकडून निरोप आले होते. पाळकांचा, की उपासनेला या, दोघंही. मास्तरांचा, की मैदानात या, दोघंही. तो म्हणाला, एकीकडे गेलो तर दुसरीकडचे म्हणणार, बघा, शेवटी कळलं. गोदा म्हणाली, मग कुठेच नको जाऊया. पंचवीस तारखेला सकाळी त्यांनी कल्याणहून कसारा गाडी पकडली आणि खडवलीला तिच्या बहिणीकडे गेले.

जेवण झाल्यावर दोघं नदीकडे गेले. पाणी कमी होतं, खडक उघडे पडलेले, पलीकडे सहलीला आलेल्यांचा गोंगाट. चांगदेव एका खडकावर बसला. नऊ दिवस खडू हातात नव्हता आणि त्या दिवशी सकाळपासून त्याला एकदाच खोकला आला होता. हे गोदानं मोजलंय हे त्याला कळत होतं. ती बोलत नव्हती, एवढंच.

त्यानं पाण्यात एक खडा टाकला. “एक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा.”

“याच्या आधी कधी केलेलंस? माझ्या लिहिलेल्यात बदल?”

गोदा पाण्याकडे बघत होती.

“एकदा,” ती म्हणाली.

“कधी? कुठल्या फळ्यावर?”

“फळ्यावर नाही. पाटीवर. रंगात.”

“कुठल्या पाटीवर?”

“ते नाही सांगणार. तुम्हाला इतकी वर्षं दिसलं नाही, आता कशाला?”

ती उठली, पदर झटकला आणि बहिणीच्या घराकडे चालू लागली. चांगदेव तिथेच बसून राहिला. कल्याणातली किराणा दुकानं, शहाडचा दवाखाना, उल्हास नदीकाठच्या त्या शाळेची लांबलचक भिंत, एकेक पाटी तो डोळ्यांपुढे आणून अक्षर अक्षर तपासू लागला. त्यातल्या निम्म्या पाट्या आता जागेवरही नव्हत्या.